उलट हात

चालू वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, बाजाररस्ता जेथे टपालकचेरीकडे वळतो त्या कोपऱ्यावरील दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये, खिडकीलगतच्या खुर्चीवर, एका जिवंत माणसाच्या केसांना विजेच्या साह्याने रंग चढवण्याचा पहिला प्रयत्न झाला. जिवंत माणसाच्या, असे मुद्दाम म्हणावे लागते. कारण कापून जमिनीवर पडलेल्या केसांवर तो त्याआधी चाळीस वेळा झाला होता आणि चाळीसही वेळा बिनचूक उतरला होता.

सलूनच्या मालकिणीला सारा रस्ता वहिनी म्हणे. वास्तविक त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या. परंतु तो एक, म्हणजे त्यांचा धाकटा दीर, रोज सकाळी कॉलेजला जाताना सायकलवरून न उतरता दारातून ‘वहिनी, येतो हो!’ अशी जी आरोळी ठोकी, ती इतकी वर्षे आणि इतक्या खणखणीत आवाजात की, शेजारच्या चष्मेवाल्यापासून समोरच्या पोस्टमनपर्यंत सर्वांनी तेच नाव उचलले. वहिनींपेक्षा वयाने वीस वर्षांनी मोठ्या बायकाही त्यांना वहिनीच म्हणत.

केस कापणे हे वहिनींचे काम होते. केस रंगवणे ही त्यांची विद्या होती. कात्री काय, कोणाच्याही हातात चालते, असे त्या स्वतःच म्हणत. पण कोणत्या डोक्याला कोणती छटा, कानामागच्या हट्टी केसाला किती वेळ, कपाळाजवळच्या तलम केसाला किती कमी, हे सारे त्यांना बोटांच्या टोकांनी कळे. आणि नेमकी बोटांची टोकेच गेल्या वर्षी त्यांच्यावर उलटली. उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी आधी लाल झाली, मग कोरडी पडली, मग फाटली. त्वचेच्या डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी भिंगातून दोन्ही हात पाहिले आणि सांगितले, “डायचं आणि तुमच्या कातडीचं वाकडं आलंय. हे भांडण मिटणारं नाही.”

वहिनींनी हातमोजे घालून पाहिले. हातमोजे हा सरळ आणि शहाणपणाचा उपाय आहे, हे कोणीही कबूल करील. परंतु मोजा चढवलेल्या बोटाला केस ओला आहे की नुसता गार, हे कळत नाही, हे ज्याने ते काम केले त्यालाच ठाऊक. त्या महिन्यात दोन बायका कानामागे पांढरे पट्टे घेऊन घरी गेल्या. एकीने येऊन तक्रार केली. दुसरी काही बोलली नाही, फक्त पुन्हा आली नाही. वहिनींच्या मनाला लागली ती दुसरी.

त्या रात्रीच्या जेवणात विषय निघाला.

“म्हणजे आता नुसती कात्री?” दिराने विचारले. तो कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणे दुरुस्त करी, आणि घरातल्या प्रत्येक अडचणीकडे ती एखादी सैल झालेली तार असल्यासारखा पाही.

“माणसं माझ्याकडे दोन-दोन बस बदलून येतात ती डायसाठी, भावजी. कापायला गल्लोगल्ली दुकानं आहेत.”

“मग डाय बदला.”

“बदलून पाहिला. एक सौम्य रंग मिळालाय. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावर दोन दिवस लावून ठेवला, हाताला काही करत नाही. फक्त केसालाही काही करत नाही. पहिल्या पाण्याबरोबर मोरीत.”

“आत शिरत नाही?”

“दारापर्यंत जातो, उभा राहतो आणि परत फिरतो. तुम्ही त्या मुलीला मागणी घालायला तिच्या वडिलांकडे गेला होतात ना, अगदी तसा.”

थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, सहसा जेवताना बोलत नसत. पण एवढे ऐकल्यावर त्यांना राहवले नाही. “याला तर मागून ढकलायला मी होतो,” ते म्हणाले, “तरी शिरला नाही.”

दीर हसला नाही. घास हातात धरून तो थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिला. “ढकलायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “बरोबर आहे. त्याला ढकलायलाच पाहिजे.”

मग ताट बाजूला सारून त्याने दोन चमचे समोरासमोर धरले. ह्या रंगाच्या कणांवर थोडासा धन प्रभार असतो, त्याने सांगितले. एका बाजूला धन पट्टी ठेवायची, दुसऱ्या बाजूला ऋण. धन धनाला पुढे रेटते, ऋण त्याला ओढून घेते. मध्ये ओला केस. “जाईल कुठे बिचारा? शिरेलच.”

“धन जिथे ऋण असेल तिथेच पळतं,” वहिनी म्हणाल्या, “हे मला नका शिकवू. हा संसार मी चालवते.”

तीन आठवड्यांत त्याने यंत्र आणले. यंत्र म्हणजे केस सरळ करण्याच्या जुन्या चिमट्याचे दोन जबडे. त्यांची तापणारी तार काढून टाकलेली, आत धातूच्या पट्ट्या आणि त्यांवर जाड लोकरी कापडाच्या गाद्या. एक गादी रंगात भिजवायची, दुसरी साध्या पाण्यात. मध्ये केसांची बट धरून चिमटा मिटायचा आणि वीस आकडे मोजायचे. वीज टॉर्चमधल्या सेलांचीच होती. बोट लावले तर मुंगी चावल्यासारखेही होत नसे. वहिनींनी झाडून गोळा केलेल्या पांढऱ्या केसांच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या आणि एकेक जुडी चिमट्यात धरली. विजेशिवाय रंगवलेली जुडी नळाखाली धरताच पांढरी होई. विजेने रंगवलेली साबणाच्या सहा पाण्यांनीही उतरली नाही.

वहिनी जुड्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी जुड्यांकडे पाहिले नाही, हातांकडे पाहिले. “दंडावर दोन दिवस लावणं वेगळं आणि रोज आठ डोकी रंगवणं वेगळं,” त्या म्हणाल्या. “जखमा भरल्यात. आता एक महिना फक्त या नव्या रंगाने काम करा. जुना डाय एकदाही नाही, एक थेंबही नाही. मग दाखवायला या. रंगाचं काम ठेवायचं की सोडायचं, ते तेव्हा सांगते.”

तो महिना त्या मंगळवारी सुरू व्हायचा होता. सकाळी दीर नेहमीप्रमाणे सायकलवरून चालला असता वहिनींनी त्याला हाक मारून थांबवले. चिमट्याच्या मुठीत एक बटण होते. मधोमध ‘बंद’, वर ‘सुलट’, खाली ‘उलट’, असे त्याने बारीक अक्षरांत कोरले होते. आजवर सारे काम ‘सुलट’वरच झाले होते.

“हे उलट कधी लावायचं?”

त्याचा एक पाय पॅडलवर होता आणि प्रयोगशाळेत मुले खोळंबली होती. “सोपं आहे, वहिनी. सुलट काम असेल तेव्हा सुलट, उलट काम असेल तेव्हा उलट.”

“असं होय,” वहिनी म्हणाल्या. आणि त्यांचे पूर्ण समाधान झाले. त्यांच्या विद्येत ह्याहून स्पष्ट काही सांगताच आले नसते. केस रंगवताना मुळांना आधी उलट हात द्यायचा असतो. म्हणजे टोकाकडून डोक्याकडे, केसाच्या कलाविरुद्ध. त्याने केस उचलला जातो आणि रंग पार बुडापर्यंत पोहोचतो. मग मुळे सोडून उरलेल्या केसाला सुलट हात, टोकाकडे. कापलेल्या जुडीला मूळच नसते. तेव्हा चाळीस जुड्यांत उलट हाताची गरज एकदाही पडली नव्हती. आज पडणार होती, आणि भावजींनी त्याची आधीच तजवीज करून ठेवली होती. वहिनींना दिराचे कौतुक वाटले.

साडेदहाला हेडबाई आल्या. मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी त्या दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ तोंडी सुधारत चालत. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पहिले गिऱ्हाईक त्याच, हा सोळा वर्षांचा रिवाज होता.

वहिनींनी काहीही न लपवता सारे सांगितले. हात दाखवले, चिमटा दाखवला, जुड्या दाखवल्या. “नको वाटलं तर मोकळेपणाने नको म्हणा, बाई. मला राग नाही.”

“चार वाजता माझ्या जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा आहे,” हेडबाई म्हणाल्या. “शंभर जणी माझ्यातली एक तरी चूक सापडावी म्हणून येतात. उरलेल्या जेवायला. डोकं नीट होईल ना?”

“जुड्यांवर झालंय.”

“मी चौतीस वर्षं नवेनवे प्रयोग दुसऱ्यांच्या मुलींवर केले. आज माझी पाळी. चालू करा.”

काम सुरू झाले. वहिनींनी हातमोजे घातले नव्हते. कित्येक महिन्यांनी डोक्यावरचा रंगाने ओला केस उघड्या बोटांना लागत होता. तलम कोणता, राठ कोणता, पाण्याने जड झालेला कोणता, हे न बघता कळत होते. प्रत्येक बटेला मुळाशी उलट हात, बटण उलट, वीस आकडे. मग मुळांच्या पुढे सुलट हात, बटण सुलट, वीस आकडे. मनातल्या मनात मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

“पुटपुटताय काय? मंत्र?”

“आकडे मोजतेय, बाई. बोलू नका, चुकतात.”

“सोळा वर्षांत मला कोणी गप्प बसवलं नव्हतं,” हेडबाई म्हणाल्या, आणि खरोखरच गप्प बसल्या.

सव्वा तासाने वहिनींनी डोके धुतले, टॉवेलने टिपले आणि खुर्ची आरशाकडे वळवली.

केस मागे पडताच भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा दिसला. तो जेथे संपे तेथून पुढे केस काळेभोर. वहीच्या पानाला सोडलेला समासही इतका सरळ नसतो. ज्या बोटभर केसांसाठी हेडबाई दर महिन्याला येत, तेवढेच केस वगळून बाकी सर्व रंगले होते.

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. वहिनींच्या मनात पहिला विचार आला तो असा की, यंत्र मेलेल्या केसावर चालते, जिवंतावर नाही. आणि दुसरा असा की, म्हणजे संपले. महिना संपायची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. रंगाची खुर्ची आजच उचलून मागच्या खोलीत ठेवायची.

तिसरा विचार आला नाही. हातच चालू लागले. समोरच्या स्त्रीला असे समास पाडलेले डोके घेऊन रस्त्यावर पाठवणे त्यांच्या हातून होणारे नव्हते. वरच्या फळीवर जुन्या डायची डबी होती. त्यांनी ती काढली, वाटीत पूड घेतली, द्रव ओतला, कुंचल्याने घोटू लागल्या. तो ओळखीचा झोंबरा वास खोलीत पसरला. वीस मिनिटांचे काम. मोज्यांनी मुळे चुकतात, तेव्हा उघड्या हातानेच.

“हा त्यातलाच ना? हात खाणारा?” हेडबाईंनी आरशातून विचारले.

“एकदाच लावते, बाई. तुमचा मेळावा आहे.”

“आणि डॉक्टरांची अट?”

“अट आता कशाला? चिमटा चालत नाही, दिसतंय ना तुम्हाला.”

“ती वाटी खाली ठेवा आधी.” हा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी घडवलेला होता, वाटी खाली ठेवली गेली. “गणित चुकलं की पोरी घाईघाईने सगळं खोडतात आणि शेजारणीचं उतरवून काढतात. मग चूक कुठे झाली ते जन्मात कळत नाही. टोकं बघा माझी. गेल्या महिन्यात ती विटून पिंगट झाली होती, तुम्हीच म्हणाला होतात. आज कशी आहेत?”

वहिनींनी टोके बोटांत घेतली. काळीभोर होती. रंग आतपर्यंत गेलेला होता. ओला केस बोटांवर घासला तरी डाग उमटत नव्हता.

“म्हणजे चिमटा चालतो,” हेडबाई म्हणाल्या. “माझ्याच डोक्यावर चालतो, मी जिवंत असून. मग टोकांना जे केलंत ते मुळांना केलं नाहीत. काय केलं नाहीत?”

“सगळं तेच. तोच रंग, तेच वीस आकडे. फक्त हात उलट.”

“हाताने वीज बदलते?”

“हाताने नाही. बटणाने...” असे म्हणता म्हणता वहिनी थांबल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी कॉलेजला फोन लावला. दीर प्रयोगशाळेतून फोनपर्यंत धावत आला असावा. त्याला धाप लागली होती.

“भावजी, उलट म्हणजे काय?”

“उलट म्हणजे उलट. का?”

“तसं नव्हे. बटणावर जे उलट लिहिलंय, त्याने काय होतं?”

“वीज उलटी फिरते. रंग केसातून बाहेर, परत गादीत. काम झाल्यावर सांडलेला रंग काढायला, चुकून लागला तर ओढून घ्यायला. तेच उलट काम. मी सांगितलं होतं की सकाळी!”

“मी मुळांना उलट हात देताना उलट लावलं.”

“सगळ्या मुळांना?”

“सगळ्या.”

“वहिनी, म्हणजे तुम्ही सव्वा तास त्या बाईंच्या मुळांतून रंग बाहेर ओढत होतात!”

“मुळात नव्हताच, तर ओढणार काय? आणि आमच्या धंद्यात उलट म्हणजे काय असतं, हे एवढे दिवस घरात जेवून तुम्हाला ठाऊक नाही?”

“आमच्या धंद्यात काय असतं, ते तुम्हाला ठाऊक नाही!”

“द्या इकडे,” हेडबाईंनी ओल्या केसांनिशी हात पुढे केला आणि फोन घेतला. “मी समास पडलेल्या बाई बोलतेय. शब्द एक, अर्थ दोन, आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. दोघांनाही शून्य. आता मला सांगा, मुळांना पुन्हा केलं तर चालेल? हात उलट, बटण सुलट?”

“चालेल, बाई. चालायला पाहिजे.”

“चालेल की चालायला पाहिजे?”

“चालेल,” दीर म्हणाला. शिक्षिकेसमोर माणूस कितीही मोठा झाला तरी उभाच राहतो.

वहिनींनी घोटलेला डाय मोरीत ओतला, वाटी दुरून नळाखाली धरून धुतली आणि कुंचला फेकून दिला. गादी पुन्हा रंगात भिजवली. मुळांपुरतेच काम होते. पाऊण तासात झाले. ह्या वेळी त्यांनी आकडे मोठ्याने मोजले आणि प्रत्येक वीसनंतर हेडबाईंनी ‘पुढे’ म्हटले. धुताना पहिले पाणी जरा गढूळ गेले, दुसरे स्वच्छ. खुर्ची आरशाकडे वळवण्यापूर्वी वहिनींनी भांगात बोट फिरवले. डोळे उघडे असूनही त्यांनी आधी बोटालाच विचारले.

पांढरा पट्टा गेला होता. जुन्या डायसारखा गडद काळा मात्र तो झाला नव्हता. मुळांशी तपकिरी, टोकांकडे काळा, असा उतरता रंग आला होता.

“काळा नाही,” हेडबाई आरशात मान वळवत म्हणाल्या. “पण पांढराही नाही. तक्रार करायला जागा आहे, कारण नाही.” आणि त्या मेळाव्याला गेल्या.

संध्याकाळी दीर आला तो हातात कोरणी घेऊनच. त्याने बटणावरचे दोन्ही शब्द घासून काढले आणि त्यांच्या जागी ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे लिहिले.

“आत म्हणजे कशाच्या आत?” वहिनींनी विचारले. “केसाच्या की चिमट्याच्या?”

तो पुन्हा घासायला बसला. शेवटी ‘केसात’ आणि ‘गादीत’ असे लिहिले गेले, आणि त्यावर थोरल्या भावाचीही संमती घेण्यात आली.

महिना पुढे सरकला. दिवसाला पाच डोकी, कधी आठ. वेळ दुप्पट लागे. काही बायका कुरकुरल्या, एक-दोन दुसरीकडे गेल्या. रंग साडेतीन आठवडे टिके, पूर्वीसारखा पाच नाही. हे सारे वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी त्या खिडकीच्या उजेडात दहाही बोटे एकेक करून पाहत. कातडी मऊ होती. नखांभोवतीची लाली उतरली होती. परंतु तिसऱ्या आठवड्यात डाव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेराच्या जरा वर, एक बारीक चीर दिसली. गेल्या वर्षी पहिली चीर अशीच आली होती. वहिनींनी ती घरात कोणाला दाखवली नाही. यजमानांनी एकदा ‘हात कसे आहेत?’ असे विचारले, तेव्हा ‘हात आहेत जागेवर’ असे उत्तर देऊन त्यांनी भांडी आवरायला घेतली. दीर सायकलवरून आरोळी देई, त्या आतून ओ देत. काम मात्र त्यांनी एक दिवसही थांबवले नाही. कदाचित हाच शेवटचा महिना असेल, तर तो पुरता करावा, असे त्यांना वाटे.

ठरल्या दिवशी त्या एकट्याच गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावले आणि आधी उजवा हात घेतला. तळवा, पाठ, बोटांच्या बेचक्या, नखांची मुळे. मग डावा. मधल्या बोटाशी भिंग थांबले.

“ही कधीची?”

“तिसऱ्या आठवड्यातली.” वहिनी म्हणाल्या. “मी लपवली नाही हं, बाई. तुम्हाला दाखवायलाच ठेवली.”

डॉक्टरीणबाईंनी बोट उजेडात फिरवले, चिरेची एक बाजू दाबली, मग दुसरी. “केस कापताना बट कोणत्या बोटांत धरता?”

“याच दोन बोटांत.”

“मग ही कात्रीची आहे.” त्यांनी भिंग खाली ठेवले, दिवा मालवला आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. “जुना डाय दुकानात ठेवू नका. बाकी रंगाचं काम करायला तुमचे हात ठीक आहेत.”